१४०० मीटरवरून नेम लागला, पण बिली डिक्सननं श्रेय नशिबाला दिलं

शाळेच्या मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असतो. त्याच्या साडेतीन फेऱ्या मारल्या की १४०० मीटर होतात. आता हेच अंतर सरळ रेषेत डोळ्यांसमोर आणा. त्या टोकाला घोड्यावर बसलेला माणूस म्हणजे नुसता ठिपका. या टोकाला एक पोरगेलासा शिकारी. त्याच्या हातात एका वेळी एकच गोळी मारणारी बंदूक. दुर्बीण नाही, अंतर मोजायचं यंत्र नाही, वाऱ्याचा वेग सांगणारं काही नाही.

जून १८७४ च्या शेवटी टेक्सासच्या माळरानावर या शिकाऱ्यानं नेम धरला आणि चाप ओढला. काही सेकंदांनी पलीकडच्या टेकाडावरचा एक घोडेस्वार खाली कोसळला.

या शिकाऱ्याचं नाव बिली डिक्सन. वय २३. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा विषय निघाला की अमेरिकेत आजही पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं जातं. या एका गोळीवर लेख लिहिले गेले, वाद झाले, चाचण्या झाल्या.

गंमत म्हणजे खुद्द डिक्सननं या गोळीचा कधी डंका पिटला नाही. आपला नेम चांगला होता हे त्यानं कबूल केलं, पण ही गोळी लागली ती योगायोगानं, असंच त्यानं सांगितलं.

मग तो नेमबाज होता की नुसता नशीबवान? याचं उत्तर त्या एका गोळीत मिळत नाही. त्यासाठी आधीच्या दहा वर्षांत मागं जावं लागतं.

बाराव्या वर्षी पोरका, चौदाव्या वर्षी गाडीवान

बिलीचा जन्म २५ सप्टेंबर १८५० चा. आज ज्याला वेस्ट व्हर्जिनिया म्हणतात तिथल्या ओहायो काउंटीमधला. बारा वर्षांचा असताना आईवडील दोघंही गेले. त्याला मिसुरीत नातेवाइकांकडे पाठवलं, पण तिथं त्याचं मन रमलं नाही. वर्षभरात त्यानं घर सोडलं आणि स्वतःच्या पायावर उभा राहिला.

आधी मिसुरी नदीकाठच्या लाकूडतोड्यांसोबत काम केलं. मग चौदाव्या वर्षी तो सरकारी सामान वाहून नेणाऱ्या गाड्यांवर लागला. बैल आणि खेचरं जुंपलेल्या गाड्यांचे लांबच लांब तांडे पश्चिमेच्या लष्करी ठाण्यांकडे जायचे. त्या तांड्यांत हा पोरगा गाडीवान होता.

या कामानं त्याला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे मैदान वाचायला. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातली ती मैदानं म्हणजे नजर पोचेल तिथवर गवत. झाड नाही, घर नाही, डोंगर नाही. अशा ठिकाणी समोरचं टेकाड अर्ध्या तासावर आहे की अर्ध्या दिवसावर, हे नवख्या माणसाला सांगताच येत नाही. गाडीवानाला ते सांगता यावं लागतं. पाणी किती लांब, मुक्काम कुठं, हे त्यावरच ठरतं. लांबवर नेम धरणाऱ्याला पहिल्यांदा अंतर ओळखता यावं लागतं, आणि ते डिक्सन बंदूक हातात घेऊन नाही तर लगाम हातात घेऊन शिकला.

पुढं १८६९ च्या सुमारास तो कॅन्सासमध्ये पूर्णवेळ शिकारीला लागला.

कातड्याचा बाजार आणि शिकाऱ्यांची शाळा

त्या मैदानांवर तेव्हा बायसनचे कळप होते. अमेरिकन लोक त्यांना बफेलो म्हणतात. आपल्या गव्याचा हा लांबचा, केसाळ नातेवाईक. पूर्ण वाढलेला नर ८०० ते ९०० किलोंचा. एकेकाळी यांची संख्या कोट्यवधी होती.

१८७० च्या सुमारास कारखान्यांना या जनावराचं कातडं कमावून टिकाऊ चामडं करायचं तंत्र सापडलं. कारखान्यांतली यंत्रं तेव्हा चामड्याच्या पट्ट्यांवर चालायची, त्यामुळे मागणी भरमसाट वाढली. १८७२ मध्ये डॉज सिटीपर्यंत रेल्वे पोचली. कातडी मालगाडीत भरून पूर्वेकडे पाठवायची सोय झाली. शेकडो शिकारी मैदानावर उतरले. डिक्सन त्यातला एक होता.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. हे शिकारी खूप लांबून गोळ्या मारायचे असं चित्रपटांतून वाटतं. प्रत्यक्षात जाणता शिकारी उलट करायचा. वारा आपल्याकडे येईल अशी बाजू धरायची, गवतातून सरपटत जायचं आणि कळपापासून साधारण २०० ते ३०० यार्डांवर बैठक मारायची. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी.

इतक्यावरच का? कारण साधं होतं. कळपाची म्होरकी बहुतेकदा एखादी जुनी मादी असायची. तिच्या फुप्फुसात गोळी बसली की ती धावत सुटायची नाही. जागेवर थांबायची, मग खाली बसायची. बाकीची जनावरं गोंधळून तिच्याभोवती घुटमळायची. मग शिकारी एकेक करून कळप टिपायचा. पण पहिली गोळी पोटात किंवा पायात लागली, तर जखमी जनावर उधळायचं आणि त्याच्यामागं अख्खा कळप. मग दिवसभराची मेहनत पाण्यात. शिवाय बरोबर आणलेल्या कातडं सोलणाऱ्या माणसांना त्या दिवशी काम नाही आणि काडतूस वाया गेलं ते वेगळंच.

म्हणजे इथं हुकलेल्या गोळीची किंमत होती, आणि अर्धवट लागलेल्या गोळीची त्याहून जास्त. त्यामुळे शिकारी आपली मर्यादा फार लवकर ओळखायचे. कुठून मारलं तर नक्की लागेल आणि कुठून मारलं तर फक्त आशा करावी लागेल, यातला फरक त्यांच्या अंगात मुरायचा.

बाकीचा अभ्यासही असाच रोजच्या कामातून व्हायचा. बंदूक जड, पाच-सहा किलोंच्या घरातली. ती खांद्यावर धरून दिवसभर नेम धरणं शक्य नाही. म्हणून दोन काठ्या एकमेकींना बांधून त्यांची कातर करायची आणि त्यावर नळी टेकवायची. बरेच शिकारी रिकामी काडतुसं सांभाळून ठेवायचे. रात्री शेकोटीजवळ शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या, दारू मोजून भरायची. आपल्या काडतुसात किती दारू आहे आणि तिनं गोळी किती खाली येते, हे त्यांना बोटांवर माहीत असायचं. सलग गोळ्या मारून नळी तापली की नेम बिघडतो, म्हणून थांबायचं किंवा नळीवर पाणी ओतायचं.

दिवसाला डझनावारी गोळ्या, महिनोन् महिने. आणि प्रत्येक गोळीचा निकाल लगेच डोळ्यांसमोर. कुठल्याही सैनिकी शाळेत तेव्हा इतका सराव मिळत नव्हता. विशीत पोचेपर्यंत डिक्सनचं नाव त्या मुलखातल्या चांगल्या नेमबाजांत घेतलं जाऊ लागलं.

ज्यांचं जनावर मारलं जात होतं ते लोक

या शाळेची फी मात्र दुसरंच कुणीतरी भरत होतं.

कोमांची, कायोवा, शायान, अरापाहो या मूलनिवासी जमातींचं सगळं जगणं बायसनवर होतं. मांस खायला, कातडं तंबूला आणि पांघरायला, हाडांची अवजारं. ऑक्टोबर १८६७ मध्ये कॅन्सासमधल्या मेडिसिन लॉज इथं अमेरिकी सरकारनं या जमातींशी करार केले. जमातींनी राखीव भागात राहायचं आणि आर्कान्सा नदीच्या दक्षिणेला, जोवर बायसन आहेत तोवर, शिकार करायचा हक्क त्यांचा, असं ठरलं. योगायोग असा की, या करारासाठी सामान घेऊन गेलेल्या तांड्यात सतरा वर्षांचा बिली डिक्सन गाडीवान म्हणून हजर होता.

पुढच्या सहा-सात वर्षांत नदीच्या उत्तरेकडचे कळप संपले. शिकाऱ्यांनी नदी ओलांडली. ही सीमा ओलांडणं जिवावर बेतू शकतं हे सगळ्यांना माहीत होतं. सरकारनं त्यांना अडवलं नाही. १८७४ च्या वसंतात डॉज सिटीच्या व्यापाऱ्यांनी टेक्सासच्या उत्तर टोकाला, कॅनेडियन नदीजवळ, ॲडोबी वॉल्स या जुन्या पडक्या ठाण्यापाशी दुकानं थाटली. दोन मोठी दुकानं, जेम्स हॅनराहनचा दारूचा गुत्ता आणि एक लोहारशाळा. भोवतालचा मुलूख हिंडून डिक्सननं शिकारीच्या जागा हेरल्या होत्या.

जमातींना यात आपला शेवट दिसत होता. कोमांचींचा तरुण नेता क्वाना पार्कर आणि इसाताई नावाचा एक भगत यांनी वेगवेगळ्या जमाती एकत्र केल्या. आपल्या मंत्रानं गोऱ्यांच्या गोळ्या बाधणार नाहीत, असा विश्वास इसाताईनं योद्ध्यांना दिला होता.

२७ जूनची पहाट

हल्ला २७ जून १८७४ ला उजाडता उजाडता झाला. ठाण्यात २८ पुरुष आणि एक बाई होती. समोर शेकडो घोडेस्वार. आकडा ७०० असल्याचं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं.

ठाण्यातली माणसं झोपेतच मारली गेली असती. पण त्या रात्री दोनच्या सुमारास गुत्त्याच्या छपराचं आडं मोडल्यासारखा मोठा आवाज झाला. माणसं उठली आणि छपराला टेकू लावत बसली. डिक्सन शिकारीला लवकर निघायचं म्हणून पुन्हा झोपलाच नाही. अंधुक उजेडात त्याला झाडीच्या कडेला काहीतरी हलताना दिसलं. पाहता पाहता त्याचे घोडेस्वार झाले.

बाहेर गाडीत झोपलेले दोघं भाऊ पहिल्याच झटक्यात मारले गेले. बाकीचे जाड मातीच्या भिंतींआड शिरले. सुरुवातीला लढाई इतकी जवळून झाली की घोडेस्वार दारांवर धडका देत होते. पण शिकाऱ्यांकडे लांब पल्ल्याच्या बंदुका होत्या. दुपारपर्यंत हल्लेखोर मागं सरकले. क्वाना स्वतः जखमी झाला. गोळ्या बाधणार नाहीत या शब्दावरचा विश्वास उडाला. ठाण्यातली चार माणसं गेली, त्यातला एक स्वतःच्याच बंदुकीची गोळी सुटून. हल्लेखोरांची हानी त्याहून बरीच जास्त होती.

ती गोळी

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या टेकाडावर पंधराएक घोडेस्वार दिसले. इतक्या लांबून ते निर्धास्त उभे होते. ठाण्यातल्या कुणीतरी डिक्सनला म्हटलं, बघ तुझा नेम लागतो का.

डिक्सननं बंदूक घेतली ती स्वतःची नव्हती. हॅनराहनकडून मागून घेतलेली शार्प्स होती. अर्धा इंच व्यासाची गोळी मारणारी ही बंदूक ‘बिग फिफ्टी’ म्हणून ओळखली जायची. त्यानं नीट नेम धरला आणि चाप ओढला. टेकाडावरचा एक जण घोड्यावरून पडला. त्याचे दोन साथीदार धावत आले आणि त्याला ओढून आडोशाला घेऊन गेले.

आता या गोळीचं गणित बघा, म्हणजे डिक्सन नशिबाबद्दल का बोलत होता ते कळेल.

शार्प्सची गोळी नळीतून साधारण सेकंदाला ४०० मीटर वेगानं सुटते आणि हवेमुळे लगेच मंदावते. १४०० मीटर जायला तिला पाच सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे बंदुकीचा आवाज गोळीच्या आधी टेकाडावर पोचतो. पाच सेकंदांत गुरुत्वाकर्षण गोळीला इतकं खाली खेचतं की, नळीचा रोख लक्ष्याच्या शंभर मीटरहून अधिक वर ठेवावा लागतो. तिथं पोचताना गोळी सरळ येत नाही, वरून उतरत येते. त्यामुळे अंतराचा अंदाज वीस मीटरनं जरी चुकला, तरी गोळी माणसाच्या डोक्यावरून जाईल किंवा घोड्याच्या पायाशी मातीत घुसेल.

१४०० मध्ये वीस मीटर, म्हणजे शंभरात दीड. नुसत्या डोळ्यांनी इतका अचूक अंदाज दर वेळी कुणालाही करता येत नाही. त्यात पाच सेकंदांत वारा काय करेल ते वेगळंच. डिक्सनला मुलूख माहीत होता, अंतराची जाण होती, या जातीची बंदूक त्याच्या हातात बसलेली होती. यामुळे गोळी त्या घोळक्याच्या आसपास जाण्याची शक्यता वाढली. पण ती नेमकी एका माणसाला लागणं, हे त्याच्या हातात नव्हतं.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिका आणि आयर्लंड यांच्यात लांब पल्ल्याच्या नेमबाजीची गाजलेली स्पर्धा झाली. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. तिथं देशातले निवडक नेमबाज होते, अंतर आधीच मोजलेलं होतं, फळा जागेवर स्थिर होता. तरीही सर्वांत लांबचा टप्पा १००० यार्डांचा होता. डिक्सनची गोळी त्याच्या दीडपट गेल्याचं सांगितलं जातं.

मुळात किती अंतर होतं, यावरही वाद आहे. १५३८ यार्ड, म्हणजे सुमारे १४०० मीटर, हा आकडा नंतरच्या मोजणीतून आला असं सांगतात. डिक्सननं स्वतः मात्र पाऊण मैलाच्या आसपास, म्हणजे १२०० मीटर सांगितले. दोनशे मीटर कमी. आपल्याबद्दलच्या गोष्टी लोकांनी फुगवल्या, असंही त्यानं स्पष्ट केलं. १९९२ मध्ये ॲरिझोनातल्या युमा इथल्या लष्करी चाचणी मैदानावर रडार लावून शार्प्स बंदुका तपासल्या. बंदुकीचा पल्ला तेवढा होता, हे सिद्ध झालं. पल्ला असणं वेगळं आणि नेम लागणं वेगळं, हे डिक्सनला त्याआधी ११८ वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

खरी परीक्षा अडीच महिन्यांनी

ॲडोबी वॉल्सनंतर सरकारनं या जमातींविरुद्ध मोठी मोहीम उघडली. डिक्सन जनरल नेल्सन माइल्सच्या सैन्यात वाटाड्या म्हणून लागला.

१२ सप्टेंबर १८७४ ला तो, दुसरा वाटाड्या एमॉस चॅपमन आणि चार सैनिक निरोप घेऊन निघाले असताना सव्वाशेच्या आसपास कोमांची आणि कायोवा योद्ध्यांनी त्यांना गाठलं. आडोसा काहीच नव्हता. जवळ बायसननं लोळून केलेला एक उथळ खड्डा होता. सहापैकी बहुतेक जखमी होते, पाणी नव्हतं, काडतुसं मोजकी. त्यांनी चाकूनं आणि हातांनी माती खणून खड्ड्याच्या कडेला बांध घातला. चॅपमनचा पाय गोळीनं निकामी झाला होता आणि तो बाहेर उघड्यावर पडला होता. डिक्सन धावत गेला आणि त्याला पाठीवर घेऊन आला.

इथं लांबचा नेम मारण्यात काही अर्थ नव्हता. एकही काडतूस वाया घालवायची सोय नव्हती. समोरचा माणूस खात्रीच्या टप्प्यात येईपर्यंत थांबायचं आणि मगच चाप ओढायचा. कळपासमोर बसून अंगी बाणवलेली शिस्त ती हीच. संध्याकाळपर्यंत ते तगले. एक सैनिक मेला, पाच वाचले. दुसऱ्या दिवशी डिक्सननंच पायी जाऊन मदत गाठली.

या लढाईबद्दल सहाही जणांना मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळालं. पुढं १९१७ मध्ये लष्करानं जुन्या पदकांची छाननी केली आणि डिक्सन सैनिक नव्हता, नागरी वाटाड्या होता, या कारणावरून त्याचं नाव यादीतून काढलं. १९८९ मध्ये ते परत घातलं. डिक्सनला मात्र यातलं काहीच कळलं नाही, कारण तो १९१३ मध्येच गेला होता.

माळ रिकामा झाल्यावर

जून १८७५ मध्ये क्वाना पार्कर आपल्या लोकांसह फोर्ट सिल इथं शरण आला. आदल्या सप्टेंबरमध्ये पॅलो ड्यूरो दरीत सैन्यानं जमातींचे हजारावर घोडे गोळ्या घालून मारले होते. घोडा नाही, बायसन नाही, त्यामुळे लढायचं कशावर हा प्रश्न होता. १८८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या निसर्गतज्ज्ञांनी बायसन मोजले, तेव्हा ते जेमतेम हजारभर उरले होते. ज्या कसबानं डिक्सनला नाव दिलं, त्याच कसबाच्या जोरावर एका पिढीत हे सगळं संपलं होतं.

१८८३ मध्ये वाटाड्याची नोकरी सोडून डिक्सन पुन्हा ॲडोबी वॉल्सलाच आला. जुन्या लढाईच्या जागेजवळ घर बांधलं, बाग लावली आणि वीसएक वर्षं तिथला पोस्टमास्तर म्हणून काम केलं. हचिन्सन काउंटीचा तो पहिला शेरीफ होता. १८९४ मध्ये ऑलिव्ह किंगशी लग्न झालं, सात मुलं झाली. १९०६ मध्ये कुटुंब ओक्लाहोमाला गेलं. शेवटचे दिवस ओढाताणीत गेले. ९ मार्च १९१३ ला न्यूमोनियानं त्याचं निधन झालं.

जाण्याआधी त्यानं आपल्या आठवणी सांगितल्या आणि ऑलिव्हनं त्या १९१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या गाजलेल्या गोळीला त्यात जेमतेम काही ओळी आहेत.

लांब पल्ल्याच्या शिकारीत आज दुर्बिणी आहेत, लेझरनं अंतर मोजणारी यंत्रं आहेत, वाऱ्याचा हिशेब करणारी ॲप आहेत. भारतात शिकारीवर १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण जिथं ती कायदेशीर आहे तिथं जाणते शिकारी नवख्यांना पहिला धडा हाच देतात. दहापैकी दहा वेळा लागेल ते अंतर तुमचं. त्यापुढं जनावर फक्त जखमी होतं.

डिक्सनचा आत्मविश्वास अशाच हजारो गोळ्यांतून आला होता. म्हणूनच आपला नेम कुठं संपतो आणि नशीब कुठं सुरू होतं, हे त्याला नेमकं सांगता आलं. १९२९ मध्ये त्याची शवपेटी ॲडोबी वॉल्सला आणून पुन्हा पुरली. ज्या माळावर ती गोळी सुटली, तिथंच आता त्याची कबर आहे.